सोपानतात्यांची ज्वारीची बिअर

सोपानतात्यांना अख्ख्या इंदापूर तालुक्यात धड माणूस असा एकही सापडला नव्हता. कचेरीतले कारकून त्यांच्या मते शाई पिऊन मोठे झालेले, बागायतदार पाटाच्या पाण्यानं सुजलेले, आणि मास्तर लोक तर खिजगणतीतच नाहीत. तालुक्यालाही तात्या पसंत नव्हते. तरी रोज ऊन कललं की तालुक्यातली सहा माणसं त्यांच्या बाकड्यांवर येऊन बसलेली असायची. सहाच, कारण तात्यांकडे काचेचे मग सहा होते. सातवा आला तर त्यानं दारातल्या लिंबाखाली उभं राहायचं आणि कुणाचा तरी मग रिकामा व्हायची वाट बघायची. एकदा कुणीतरी म्हणालं, "तात्या, आणखी सहा आणा की." तात्या म्हणाले, "हितं बसाय लायक सहा मानसं मिळंनात, आन् बारा कुठनं आनू?"

इंदापुरातून बारामतीकडे जाणाऱ्या रस्त्याला, शेवटची वस्ती संपल्यावर त्यांची पत्र्याची खोली होती. पुढच्या खणात दोन बाकडी, मागच्या खणाला कुलूप. परवाना होता तो बाटल्या विकण्याचा, आणि बाटल्या होत्याही. फळीवर धूळ खात पडलेल्या. कुणी मागितलीच तर तात्या ती दोन बोटांनी धरून, मेलेला उंदीर उचलावा तशी आणून ठेवत. खरा माल मागच्या खणात, गोणपाटात गुंडाळलेल्या पिंपात असायचा. तात्या स्वतः बिअर बनवत, आणि तीही ज्वारीची. त्याबद्दल परवान्यात एक अक्षर नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. आपल्याकडे अशाच गोष्टी जास्त टिकतात.

मी त्या सुमाराला इंदापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून आलो. पर्यवेक्षक म्हणजे डॉक्टर नव्हे. पण लोक ज्याच्या हातात सुई बघतील त्याला डॉक्टर म्हणतात, आणि मीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. दवाखान्यात माझ्याबरोबर रशीदभाई म्हणून ड्रेसर होते. हातातला साबण कधी न सुटलेला, पाच वेळा नमाज पढणारा माणूस. त्यांनीच मला तात्यांचं ठिकाण दाखवलं. स्वतः लिंबाखाली सायकल धरून उभे राहिले आणि म्हणाले, "जावा साहेब. प्याचं तुमचं तुमी बगा. पन मानूस बगन्यासारखा हाय."

बघण्यासारखा म्हणजे काय होता? बुटका, पांढरं धोतर, त्यावर कारखान्यातून आणलेला निळा डगला. मिशी नाही. ती वासाच्या आड येते म्हणून काढलेली. निरवांगीचं मेंढपाळाचं घर. पावसाळा सरला की बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. अशाच एका वर्षी पनवेलच्या बाजूला हे पोरगं मेंढरं सोडून पळालं आणि मुंबईकडच्या एका बिअरच्या कारखान्यात हमाल म्हणून लागलं. पोत्यांवरून धान्याला मोड आणायच्या खात्यात गेलं, आणि तिथं वीस-बावीस वर्षं राहिलं. कारखाना बंद पडला तेव्हा सोबतचे लोक भांडी, पंखे, घड्याळं घेऊन गेले. तात्यांनी सहा मग आणि एक थर्मामीटर आणला. त्यांच्या बायको सखूकाकू हे सांगताना कपाळाला हात लावत. "मेंढरं राकली अस्ती तर लोकर तरी आली अस्ती घरात. ह्येनी फेस आनला."

पण राबायच्या त्याच. ज्वारी भिजत घालायची, ओल्या गोणपाटावर पसरायची, मोड आले की पत्र्यावर वाळवायची, आणि चिमण्या हाकत दिवसभर उन्हात बसायचं. मग तात्या ती ज्वारी दोन्ही तळव्यांनी चोळून मोड झाडून टाकत. ते झाडलेले मोड मात्र ते कधी उकिरड्यावर टाकायचे नाहीत. परसात खड्डा काढून पुरायचे, वरून दगड ठेवायचे. मी विचारलं तर म्हणाले, "जनावराच्या तोंडी लागाय नको. ईख असतं त्यात. तुमी डॉक्टर ना?" मी मान डोलावली. नंतर ज्वारी भाजायची, भरडायची, शिजवायची, गाळून घ्यायची आणि त्यात विरजण घालायचं. यीस्टला ते विरजणच म्हणत. कडवटपणासाठी कारखान्यात जी फुलं वापरत ती इंदापुरात कुठून मिळणार? म्हणून तात्या काडेचिराईत घालत. त्यामुळे त्या बिअरला तापाच्या काढ्याची एक अस्सल चव होती. पहिल्या दिवशी एक घोट घेतला आणि मला लहानपणचा हिवताप आठवला.

आता खरं सांगायला हरकत नाही. ती बिअर चांगली होती की वाईट, हे मला आजही माहीत नाही. तिथं बसणाऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही तिथं जायचो कारण घरापासून लांब होतं, रस्त्यावरून दिसत नव्हतं, आणि डोकं फार फिरत नसल्यामुळे जेवायच्या वेळेला सरळ चालत घरी जाता येत होतं. तात्यांना वाटायचं की आपण तालुक्याला चव शिकवतोय. त्यासाठी त्यांचे नियम होते. पहिला घोट नुसता घ्यायचा. अर्धा मग संपेपर्यंत शेंगदाण्याला हात लावायचा नाही. बर्फ मागायचा नाही, बर्फ मागणाऱ्याला ते म्हणत, "रसवंतीत जावा." पेंटरनं बोर्डावर 'चिल्ड बिअर' असं रंगवलं होतं, त्यातलं 'चिल्ड' त्यांनी त्याच्याकडून पुसून घेतलं. पहिला घोट घेतल्यावर ते समोर उभे राहून तोंडाकडे बघत. माणूस 'ब्येस' म्हणाला की त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. "ब्येस म्हंजी काय? म्हस बी ब्येस, बायको बी ब्येस, आन् ह्ये बी ब्येस. ह्या गावाला नुस्ता घसा हाय, जीभ न्हाय."

याच जिभेपायी माझी फसगत झाली. एका संध्याकाळी असेच ते तोंडाकडे बघत उभे होते. 'ब्येस' म्हणायची सोय नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "आज जरा करपल्यासारखं लागतंय का?"

तात्यांनी माझा मग हुंगला. आत गेले. आतून सखूकाकूंचा आवाज आला, "मी म्हनले नव्हते? ह्या खेपंला ज्वारी भाजताना डोळा लागला तुमचा!" तात्या बाहेर आले ते माझ्यासमोर बाकड्यावर बसलेच. गिऱ्हाइकासमोर ते कधी बसत नसत.

"डॉक्टर," ते म्हणाले, "धा जनांनी प्याली. तुमी एकट्यानं वळखलं."

अंदाजानं मारलेला दगड आंब्याला लागला होता. त्या दिवसापासून माझी जागा भिंतीकडची, मला मग आधी, आणि माझ्यासमोर इतरांना शिव्या. नवीन पिंप उघडलं की रशीदभाईंकडे निरोप यायचा, 'डॉक्टरला धाडा.' मी जायचो, घोट तोंडात घोळवायचो, छताकडे बघायचो आणि म्हणायचो, "किंचित हिरवं आहे." नाहीतर, "अजून दोन दिवस हवेत." तात्या गंभीर होऊन मान हलवायचे आणि तसंच करायचे. मला त्यांची दया यायची आणि गंमतही वाटायची. आयुष्यात कुणी मला कशातलाही जाणकार मानलं नव्हतं. खोटा का होईना, तो मान मी खुशाल घेत होतो.

तिथल्या सहांमधले एक हणमंतराव. तात्यांच्या बांधाला लागून त्यांची शेती. ऊस, थोडी ज्वारी, दोन जर्सी गाई, आणि कुठल्या ना कुठल्या कमिटीवर नाव. बोलायला लागले की वाटावं, पाट यांनीच खणला. त्यांना तात्यांची बिअर मिळमिळीत वाटायची. एकदा त्यांनी तात्यांची पाठ वळलेली बघून खिशातली देशीची क्वार्टर काढली आणि मगात ओतली. तात्यांना वास आला. पाठमोरेच होते ते. वळले, हणमंतरावांच्या हातातून मग काढून घेतला, बाहेर जाऊन लिंबाच्या बुंध्याशी रिकामा केला, राखेनं घासला, पुन्हा राखेनं घासला, आणि मग म्हणाले, "हनमंतराव, उठा."

"आरं, पैशानं पितोय, फुकाट न्हाय!"

"म्हनूनच उठा म्हनतोय. फुकट पिनाऱ्याला मी हाकलत न्हाय. त्याला गरज असती."

सगळे हसले. मीही हसलो, आणि जरा जास्तच मोठ्यानं हसलो. हणमंतराव उठून गेले ते पुन्हा आले नाहीत. पण त्यांचा गडी रोज सकाळी पाटी घेऊन येत राहिला, कारण बिअर गाळून उरलेला शिजलेला चोथा तात्या फुकट वाटत, आणि तो खाऊन गाई दुधाला चढतात असं हणमंतरावांचंच म्हणणं होतं. माणसाशी भांडण होतं, चोथ्याशी नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात ते झालं. मला सहापर्यंत दवाखान्यात बसणं भाग होतं. पण नवीन पिंप उघडलं होतं आणि निरोप आला होता, म्हणून मी साडेचारलाच उठलो. औषधाच्या कपाटाला कुलूप घातलं, किल्ली सवयीनं खिशात टाकली. तात्यांकडे दुसरा मग चालू होता तेव्हा रशीदभाई सायकल मारत आले. घामानं निथळत होते.

"साहेब, हनमंतरावच्या गाई पडल्यात. मी नमाजावनं आलो तर गडी कवाचा दवाखान्यात बसलाय. त्यानं एसटीडीवनं तुमच्या घरी बी फोन केला. चला."

आम्ही पोचलो तेव्हा एक गाय गेली होती आणि दुसरी पाय झाडत होती. उजेड अजून होता. रशीदभाईंनी गेलेल्या गाईचा जबडा उघडला. दाढांत हिरवा घास होता, कोवळा, नुकता चावलेला. मी मान वर केली. गोठ्यामागं ज्वारी काढलेलं रान होतं. पाटाची ओल लागून खोडक्यांना हिरवेगार फुटवे आले होते आणि त्यांतून गाईंच्या खुरांची सरळ वाट गेली होती. ज्वारीचा असा फुटवा खाल्ला की जनावर उभ्या उभ्या कोसळतं. किराळ लागणं म्हणतात त्याला. शेळ्यांमागं फिरणाऱ्या पोरालाही हे ठाऊक असतं. त्यावर इंजेक्शन आहे, वेळेत टोचलं तर जनावर उठून उभं राहतं. ते दवाखान्याच्या कपाटात होतं. मी रशीदभाईंना किल्ली देऊन पळवलं. ते परत यायच्या आत दुसरीही गेली.

हणमंतराव गाईच्या मानेवर हात ठेवून रडत होते. त्या माणसाची मी पुष्कळ चेष्टा केली आहे, पण ते रडणं खरं होतं. गड्याकडे बघून ते म्हणाले, "सकाळी काय घातलं हुतं?" गडी म्हणाला, "रोजचंच. तात्याचा चोथा." तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनाम्याला तलाठी आले, गाव जमलं. तात्या बांधावर येऊन उभे राहिले, तोच निळा डगला घालून. सगळ्यांना कळत होतं की प्रश्न गाईंचा राहिला नाही. चोथ्याचं नाव कागदावर आलं की चोथा कुठून आला ते बघायला एक्साइजचे साहेब येणार, मागच्या खणाचं कुलूप उघडणार आणि तात्यांचं दुकान त्या दिवशी संपणार.

"ह्येच्या चोथ्यानं मारल्या माज्या गाई," हणमंतराव म्हणाले.

"मागं वळून रान बगा की," तात्या म्हणाले. "खोडक्यास्नी फुटवा आलाय. किराळ लागलंय जनावरास्नी."

"ऐका! दारूवाला आता डॉक्टरकी सांगाया लागला!" कुणीतरी म्हणालं. हे म्हणणारा रोज सहांपैकी एका मगावर असायचा. सगळे हसले.

तात्यांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बोट केलं. "ह्यास्नी इचारा. डॉक्टर लिवतील त्ये मला कबूल. बाकी तुमा कुनाला काय कळतंय?"

मी कागद मांडीवर घेतला. किराळ असं लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न साधा होता. किराळावर इंजेक्शन असतं ना, मग का दिलं नाही? पाच वाजता तुम्ही कुठं होता? आणि माझा बारामतीला बदलीचा अर्ज गेलेला होता. मी लिहिलं, 'खाद्यातून विषबाधा झाल्याचे दिसते. नेमके कोणते खाद्य, हे सांगता येत नाही.' तलाठ्यांनी ते मोठ्यानं वाचलं. रशीदभाई माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, दाढंत काय हुतं त्ये लिवलं न्हाय." मी पेनाचं टोपण लावलं. सांगता येत नाही, हे वाक्य सरकारी कागदावर फार शोभून दिसतं.

एक गोष्ट मात्र तात्यांच्या हातात होती. 'डॉक्टर त्या टायमाला माझ्या बाकड्यावर हुता,' एवढं ते बोलले असते तर माझी नोकरी अडचणीत आली असती आणि त्यांची अडचण थोडी सुटली असती. ते बोलले नाहीत. माझ्याकडे बघून मान हलवली आणि घरी गेले.

चार दिवसांनी साहेब आले. कुलूप उघडलं, पिंप बाहेर काढलं, रस्त्याच्या कडेच्या चारीत ओतायला लागले. बघायला ही गर्दी. बाकड्यांवरचे नेहमीचे लोक होते, आणि एकालाही त्या खोलीत काय चालतं ते आजवर माहीत नव्हतं. तात्या शिपायाला म्हणाले, "हळू वत. बुडाचा गाळ ढवळंल." शिपाई खो खो हसला. तात्यांनी पुढं होऊन स्वतः पिंपाला हात लावला आणि नीट, हळूहळू, सगळं चारीत ओतून दिलं. सखूकाकू दारात उभ्या होत्या. इतकी वर्षं त्या पिंपाला शिव्या देणारी ती बाई तोंडात पदर धरून रडत होती. हे मी सांगतोय, पण मी तिथं नव्हतो. मला रशीदभाईंनी सांगितलं. मी त्या दिवशी कळस गावाला लसीकरण लावून घेतलं होतं.

माझी बारामतीला बदली झाली. तात्यांचं दुकान मोडलं आणि ते निरवांगीला परत गेल्याचं कळलं. त्या जागेवर पुढं पंक्चरचं दुकान निघालं. मीही सगळं विसरलो, म्हणजे विसरल्यासारखं वागायला शिकलो.

चारेक वर्षांनी बारामतीच्या एसटी स्टँडवर कुणीतरी मागून हाक मारली, "डॉक्टर!" तात्याच. डगला नव्हता. सदरा, टोपी, हातात पिशवी. लेकीकडं आले होते, इंदापूरची गाडी धरून परत निघाले होते. मला वाटलं, आता इथं चारचौघांत माझे वाभाडे निघणार. पण माणूस चक्क हसला. मी कँटीनच्या पोऱ्याला दोन चहा सांगितले. बाकावर बसलो. काकू बऱ्या आहेत म्हणाले, दहा-बारा मेंढरं घेतलीत म्हणाले. बारामतीकरांना त्यांनी जाता जाता दोन शेलक्या शिव्या घातल्या. मग थोडे घुटमळले.

"डॉक्टर, एक सांगू? राग मानू नका."

"सांगा की."

"त्या हनमंताच्या गाई किराळानं गेल्या हुत्या. तुमच्या ध्येनात आलं न्हाय. आता तुमी साळंत शिकलेलं, आमी मेंढरामागं. हुतं आसं. पन पुन्हा कुटं जनावर आसं दिसलं, तर पैलं तोंड उघडून बगा. दाढंत हिरवं आसतं." आवाज इतका खाली आणला होता त्यांनी, की शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये. "मी लोकास्नी सांगितलं, डॉक्टरच्या नावानं बोंबलू नगा. त्यास्नी कळलं न्हाय. न कळनं ह्यो काय गुन्ना न्हाय."

या माणसानं तालुक्यात कुणाची गय केली नव्हती. माझी चार वर्षं केली होती. मी तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. 'बरं झालं सांगितलंत' म्हणायचं, चहा प्यायचा, गाडीत बसवून द्यायचं. पण ड्रेसरपासून डायरेक्टरपर्यंत सगळ्यांनी मला कमी लेखलेलं मी सोसलं होतं. निरवांगीच्या मेंढपाळानं मला किराळ ओळखता येत नाही असं म्हणावं, हे मात्र मला सोसलं नाही. स्वतःची इतकी किळस मला दुसऱ्या कशानंही आली नाही.

"मला माहीत होतं, तात्या," मी म्हणालो. "किराळच होतं."

"मागनं कळलं?"

"नाही. तेव्हाच. रशीदभाईंनी जबडा उघडला तेव्हाच."

मी शिवीची वाट बघत होतो. त्यांच्याकडे शिव्यांना तोटा नव्हता, आणि त्यातली कुठलीही मला चालली असती. त्यांनी पिशवी उचलली.

"बसा की," मी म्हणालो, "चहा येतोय."

"न्हाय. गाडी सुटंल."

ते फलाटाला लागलेल्या इंदापूरच्या गाडीत जाऊन बसले, पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी. कंडक्टर अजून कँटीनमध्येच होता. गाडी सुटायला वीस मिनिटं होती.